पहिला चीक

सकाळी म्हशींच्या धारा सुरू होण्याआधी आवडाबाई पारडांचे कान धरून बघायची. कान मुठीत घ्यायचा, टोकापासून मुळापर्यंत हात न्यायचा आणि क्षणभर थांबायचं. कान गरम असला की ती पुढच्या पारडाकडे जायची. गार लागला तर तिथंच उकिडवी बसायची. मग शेपटी उचलून बघायची, मानेची कातडी चिमटीत धरून सोडायची आणि ती जागेवर बसायला किती वेळ घेते ते बघत राहायची. पारडू धडपडत उठलं, त्याने तिच्या मांडीला ढुशी मारली, तर तिला बरं वाटे. नुसतंच पडून, डोळे मिटून राहिलेलं पारडू दिसलं की दिवसभर तिला घास गोड लागत नसे.

शहाडला, उल्हास नदीच्या अंगाला, नव्या इमारतींच्या पाठीमागे तिच्या भावाचा तबेला होता. भावाला सगळा गाव दाजी म्हणे. ती एकटी दादूस म्हणे. नवरा गेल्यावर लहानग्या प्राप्तीला कडेवर घेऊन ती कोलशेतहून माहेरी आली, तेव्हा किती दिवस राहणार हे दाजींनी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती खराटा घेऊन गोठ्यात शिरली ती तिथलीच झाली. धारा काढायच्या त्या दाजींनी, दूध घालायला जायचं ते त्यांच्या मुलानं, जगननं. पारडांकडे कोणाचंच लक्ष नव्हतं, म्हणून ती आवडाबाईच्या वाट्याला आली. भावाच्या घरात आपण मान वर करून जेवतो ते या पारडांमुळे, असं तिला मनातून वाटे. हे तिने कधी कोणाला बोलून दाखवलं नव्हतं. बोलून दाखवावं असं ते नव्हतंही.

पारडं मरायची. तबेल्यात ते कोणाला नवीन नव्हतं. दूध विकायला असतं, त्यातलं पारडाला सोडणार किती? रेडा असला तर कोणी हळहळतही नसे. "गेला? सुटला बिचारा," एवढंच. पण अलीकडे पारड्याही टिकेनात. पांढरी हगवण लागे, गुडघे सुजत, डोळे आत जात आणि एखाद्या दुपारी पारडी मान टाकून मोकळी होई. आटलेली म्हैस विकायची, ताजी व्यायलेली विकत आणायची, तिचंही पारडू मरायचं, की पुन्हा तेच. घरची म्हणावी अशी एक चांदणी तेवढी उरली होती. कपाळावर पांढरा ठिपका असलेली, जराशी हट्टी. तिची आईही याच दावणीला व्याली होती.

एकदा जेवताना जगनने विषय काढला. "बाबा, आपला गोठा नाय राहिला, धर्मशाळा झालीय. येतात नि जातात. घरचं एक जनावर तयार होत नाय. बंद करून टाकू ना."

दाजींनी हातातला तुकडा ताटात ठेवला.

"चांदणी गाभण हाय," ते म्हणाले. "तिला पारडी झाली नि ती जगली, तर मी हाय तवर गोठा हाय. नाय जगली तर दिवालीला दावी सोडू. मंग मना कोनी इचारू नका."

"नि रेडा झाला तर?"

"तर तू नाच."

जगन हसला. आवडाबाई भाकरी थापत होती. तव्यावरची भाकरी करपल्याच्या वासाने ती भानावर आली. गोठा नसेल, तर सकाळी उठून आपण जायचं कुठं, हा प्रश्न तिला त्या करपलेल्या भाकरीएवढा स्पष्ट दिसला होता.

त्या पावसाळ्याच्या तोंडावर अक्षदा नावाची तरुण गुरांची डॉक्टर तबेल्यांमधून फिरू लागली. अंगाने बारीक, पायात गमबूट, बोलायला मऊ. मेलेल्या पारडांविषयी ती विचारायची, पण तिच्या विचारण्यात आरोप नसायचा. आवडाबाई कान कसे धरते ते तिने पाहिलं आणि स्वतःही धरून बघितलं. थर्मामीटर कसा लावायचा, शेण कसं बघायचं, बेंबीला औषध कसं लावायचं, हे शिकवलं. रोज काय दिसलं ते लिहून ठेवा, म्हणाली. लिहिणं आवडाबाईला जमण्यातलं नव्हतं. तिने आपल्या जुन्या लाल लुगड्याच्या काठाच्या चिंध्या फाडल्या. कान गार लागला की त्या पारडाच्या गळ्यात चिंधी, बरं झालं की चिंधी सोडायची. डॉक्टर आली की फाटकातूनच चिंध्या बघायची.

"आवडाबाई, पारडू जन्मलं की चीक कधी पाजता?" एक दिवस तिने विचारलं.

"जार पडल्यावर."

"आणि वार, तुमचा जार, पडायला अर्धा दिवस लागला तर?"

"तवर थांबाचं. जार पडल्याबिगर चिकाला हात नाय लावत आमी. लावला तर जार आत राहतो. माझी आजी पन हेच सांगायची."

अक्षदा तिच्या शेजारी बादली उपडी घालून बसली. "उलट आहे हो. पारडू लुचलं की जार लवकर सुटतो. आणि हे बघा, पारडू जन्मतं तेव्हा रोगाशी लढायला त्याच्या अंगात काही नसतं. जे आहे ते आईच्या चिकात. तो आत घ्यायचं दार पहिले काही तासच उघडं असतं. मग मिटत जातं. नंतर घागरभर पाजलात तरी पोट भरेल, पण ती ताकद अंगात नाही जाणार."

आवडाबाईने मान हलवली नाही आणि नाहीही म्हटलं नाही. पण पुढे विकतची एक म्हैस व्याली, तेव्हा दाजी देवळात गेलेले पाहून तिने पारडाला ओलंच उचलून आईच्या कासेला लावलं. जार वेळेवर पडला. पारडू जगलं, एकदाही चिंधी न बांधता जगलं, चांगलं टुणटुणीत झालं. पण तो रेडा होता. त्यामुळे त्याचं जगणं तिच्याखेरीज कोणाच्या ध्यानात आलं नाही.

प्राप्ती डोंबिवलीला दिली होती. दिली म्हणजे तिने स्वतःच जमवलं होतं. माणसं रत्नागिरीकडची, सरळ, थोडी बोलघेवडी. विहीण विमलाबाई मनाने वाईट नव्हत्या, पण त्यांची थट्टा टोचायची. प्राप्तीच्या डोहाळजेवणाला चार बायकांत त्या म्हणाल्या होत्या, "आमच्या सुनेचं माहेर तबेल्याचं, आणि आम्ही खरवस विकत आणून खातो. सांगायचं तरी कोणाला?"

बायका हसल्या. प्राप्तीने मान खाली घातली. ती खाली गेलेली मान आवडाबाईला सोसली नाही.

"आमची चांदनी व्याली की पाठवते ना," ती म्हणाली.

"पहिल्या दिवसाचा हं! दुसऱ्या दिवसाच्या चिकाला ती चव नाही. वड्या पडत नाहीत."

"पहिल्या दिवसाचाच."

घरी येऊन तिने हे दाजींना आणि जगनला सांगितलं. लेकीच्या सासरी दिलेला शब्द. दाजींनी लगेच मान डोलावली. डॉक्टर अक्षदा तबेल्यात आली ती त्यानंतर. चीक म्हणजे काय हे आवडाबाईला कळलं, पण आपण दिलेला शब्द परत घ्यायचा राहून गेला. तो शब्द तिच्या लक्षातून गेला होता. ज्यांना सांगितला होता, त्यांच्या गेला नव्हता.

प्राप्तीला मुलगी झाली. बारशाला आवडाबाई सकाळीच डोंबिवलीला निघाली. चांदणीचे दिवस भरायला अजून अवकाश होता, तरी निघताना तिने तिच्या कासेला हात लावून पाहिला आणि जगनला म्हणाली, "लक्ष ठेव रं. मधीच व्याली तर पयलं पारडाला लुचू दे. जार-बिर बघत बसू नको."

"हो गं आत्या, जा तू. नातीला काय घेतलंस?" जगन मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला.

दाजींना तिने हे सांगितलं नाही. आजीच्या वेळचं खोटं ठरवणारी गोष्ट भावाला कशी सांगायची, हे तिला उमजत नव्हतं. परत आल्यावर सांगू, असं तिने ठरवलं.

बारसं छान झालं. पाळण्याला फुगे, दारात रांगोळी. पोरीचं नाव सान्वी ठेवलं. आवडाबाईने नातीच्या कानात कुर्र केलं, आणि हात सवयीने त्या इवल्या कानाभोवती मिटला. कान गरम होता. ती स्वतःशीच हसली. पानं मांडायची तयारी चालली होती, तेवढ्यात दारात जगन उभा. केस विस्कटलेले, हातात फडक्यात बांधलेला स्टीलचा डबा, तोंडभर हसू.

"आत्या, चांदणी व्याली! तू निघालीस नि ती बसलीच. पारडी झालीय, पारडी!"

आवडाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला डब्याचं भान नव्हतं. डबा विमलाबाईंनी आधीच हातात घेऊन झाकण उघडलं होतं. आत पिवळाजर्द, मधासारखा दाट चीक.

"अगं बाई! पहिल्या दिवसाचा?"

"पहिल्या दिवसाचा काय, पहिलाच!" जगनची छाती फुगली होती. "बाबांनी स्वतः काढला. जार पडला दुपारी, लगेच काढला नि मना बोलले, आवडीच्या विहिणीचा पयला मान. पारडीने पण तोंड नाय लावलं अजून. उष्टा नाय."

बायकांनी कौतुक केलं. कोणी म्हणालं, असं माहेर नशिबाने मिळतं. प्राप्तीचा चेहरा उजळला होता. डोहाळजेवणाला खाली गेलेली मान आज वर होती. तिच्या सासूने सुनेच्या पाठीवरून हात फिरवला, स्वयंपाकघरात नेऊन डबा पातेल्यात रिकामा केला, वर दूध ओतलं, गूळ किसायला घेतला.

आवडाबाई ओट्याजवळ जाऊन उभी राहिली. पातेलं तिच्या हाताशी होतं. यातलं अर्धं मला परत द्या, एवढंच म्हणायचं होतं. गूळ अजून पडला नव्हता. तिने तोंड उघडलं.

"काय हो विहीणबाई, वेलची चालेल ना? की तुमच्याकडे नुसता करतात?"

आवडाबाईने प्राप्तीकडे पाहिलं. ती बाळाला छातीशी धरून हसत होती.

"चालेल," आवडाबाई म्हणाली.

पानावर न बसता ती जगनच्या गाडीवर मागे बसली. विमलाबाई दारापर्यंत आल्या, खरवस तरी चाखून जा, म्हणाल्या. दुसरी एक म्हैस अडली आहे, असं काहीतरी आवडाबाईने सांगितलं. पत्रीपुलावर नेहमीसारखी कोंडी. गाड्यांच्या धुरात दोघं थांबून राहिली.

"पारडीला काय पाजलंत?" तिने मागून विचारलं.

"बाबांनी कास रिकामी केली, मग गुळाचं पाणी दिलंय. मस्त चाटत होती."

"मी तुना सांगितलं होतं ना."

जगनने मान वळवली. "मी बोललो ना बाबांना, लुचू दे म्हणून. ते बोलले, जार अडकला तर तू काढनार का. मग मी काय बोलू? नि चीक पाठवायचं तर तूच सांगितलेलंस, आत्या. मी नाय, बाबा नाय. तू."

त्यात खोटं काही नव्हतं. पुढची रिक्षा हलली, गाड्या सुटल्या.

पारडी सुरेख होती. कपाळावर आईसारखाच ठिपका, फक्त जरा कलता. आवडाबाईने बारशाचं लुगडं न बदलता तिला चांदणीच्या कासेला लावलं. दाजी बाजूला उभे होते. त्यांनी अडवलं नाही. पारडी लुचली, पण दिवस कलला होता. फोनवर अक्षदा म्हणाली, "पाजत राहा. काही ना काही जाईल." मग थांबून म्हणाली, "लक्ष ठेवा. तुम्ही ठेवालच."

आवडाबाईने ठेवलं. ती जेवायला उठायची तेवढीच. पारडीखाली कोरडा पेंढा, बेंबीला औषध, सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर. पहिले काही दिवस पारडी उड्या मारत होती. दाजी येता-जाता तिच्या पाठीवर थाप मारू लागले. जगननेही तिचा फोटो काढून ठेवला. आवडाबाईला वाटू लागलं, दार पुरतं मिटलं नसेल. एखादी फट राहिली असेल.

मग एका सकाळी कान गार लागला.

तिने दुसरा कान धरून पाहिला. मग हात लुगड्याला पुसून पुन्हा पहिला. मग तिने पारडीच्या गळ्यात चिंधी बांधली. दुपारपर्यंत हगवण लागली. अक्षदा आली, सलाईन लावलं, सुया दिल्या, दुसऱ्या दिवशी बोलावल्याशिवाय पुन्हा आली. पारडीचे गुडघे सुजले. चांदणी दावं ताणून तिच्याकडे मान करायची आणि हंबरायची. तिसऱ्या खेपेला डॉक्टर आली तेव्हा काही न करता नुसती पारडीजवळ बसून राहिली. त्यावरून आवडाबाईला समजलं.

भर दुपारी, पत्रे तापलेले असताना, पारडी गेली. शेवटपर्यंत तिचं डोकं आवडाबाईच्या मांडीवर होतं.

"दृष्ट लागली," दाजी म्हणाले. "लोकांनी लय बघितली."

आवडाबाईने वर पाहिलं. सांगायची ती हीच वेळ होती. पण दाजी पारडीच्या पाठीवरून हात फिरवत होते. त्यांनी स्वतःच्या हाताने काढलेला, मानाने पाठवलेला चीक होता तो.

"व्हय," ती म्हणाली. "दृष्टच."

जगनने पारडी उचलून नेली. चिंधी तेवढी तिने सोडून घेतली आणि ठेवायला जागा सुचेना म्हणून आपल्या मनगटाला बांधली.

संध्याकाळी चांदणी पान्हा सोडीना. दाजी कासेला बसले की लाथ झाडायची. कास दगडासारखी झाली. पूर्वीच्या काळी मेलेल्या पारडाच्या कातड्यात पेंढा भरून म्हशीपुढे ठेवत. आता ते करणारं कोणी राहिलं नव्हतं. आवडाबाई तिला चुचकारायला पुढे गेली, तसं चांदणीने तिचं मनगट हुंगलं. मग खरखरीत जिभेने ती चिंधी चाटू लागली. चाटता चाटता तिचे डोळे अर्धे मिटले आणि कासेत दूध उतरलं. त्या दिवसापासून दोन्ही वेळा आवडाबाई चांदणीच्या तोंडापाशी बसायची, हात पुढे करून. मनगटाची कातडी सोलवटली, पण तिने चिंधी धुतली नाही, बदललीही नाही.

दाजींनी शब्द पाळला. दिवाळी जवळ आली तसतशा म्हशी एकेक करून गेल्या. त्या विकतच्या म्हशीला पेंड दाखवली की पान्हा सुटे, म्हणून तिचा रेडा मागेच राहिला. चांदणी शेवटची. तिला बघायला पडघ्याकडचा काळुराम नावाचा व्यापारी आला, सोबत टेम्पो घेऊनच. तिच्याभोवती दोन फेऱ्या मारून तो म्हणाला, "पाठीशी पारडू नाय. पान्हा सोडती का? मला धार बघायचीय."

दाजी बसले. चांदणीने लाथ झाडली, बादली कलंडली. काळुराम तोंड वाकडं करून हसला.

"आत्या," जगनने हाक मारली. "जरा ये ना."

आवडाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. न जाणं तिच्या हातात होतं. ती गेली नसती तर काळुराम रिकामा टेम्पो घेऊन परतला असता. चांदणी आणखी काही दिवस राहिली असती. दाजी वर बघत नव्हते. तिची नजर चांदणीच्या कासेवर गेली. सकाळपासून धार काढलेली नव्हती. शिरा तटतटल्या होत्या, म्हैस मागचे पाय फाकवून उभी होती.

ती गेली आणि हात पुढे करून बसली. चांदणीने मनगट चाटायला सुरुवात केली. बादलीत धार वाजू लागली, आधी पत्र्यावर, मग फेसावर.

"वा," काळुराम म्हणाला. "काय बांधलंय बाय, हाताला?"

"पारडीचं हाय."

"मंग ते पन द्या. त्याबिगर माझ्याकडं नाय सोडनार ती."

जगन नदीकडे बघत होता. गाठ घट्ट बसली होती. आवडाबाईने ती दातांनी सोडवली. काळुरामाच्या हातात न देता तिने चिंधी चांदणीच्या दाव्याला, तोंड पोचेल अशी बांधली. गाठ ओढून बघितली. टेम्पोची फळी वर गेली, तेव्हा चांदणी चिंधी चाटत होती. तिने मागे पाहिलंही नाही.

"त्यो रेडा घेता का?" जगनने कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

"रेडा कोन घेतं?" काळुराम म्हणाला आणि पुढे चढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आवडाबाई उठली आणि पाय नेतील तिकडे गेली. गव्हाणी रिकाम्या, खुंट्यांना नुसती दावी. कोपऱ्यात तो रेडा उभा होता. पहिल्या दिवशी पोटभर लुचलेला, कधी चिंधी न लागलेला. तिला पाहून त्याने मांडीला ढुशी मारली. तिने त्याचा कान मुठीत घेतला, टोकापासून मुळापर्यंत हात नेला. कान गरम होता.

आता पुढच्या पारडाकडे जायचं. तिने पाहिलं, पुढे कोणी नव्हतं. कान हातात धरून ती तशीच बसून राहिली.